योग्य त्या चौकटीत खूण करावी

मानसशास्त्राची प्रश्नावली हातात पडली की पहिलं पान मनाबद्दल नसतं. मनाचा नंबर दुसऱ्या पानापासून लागतो. पहिल्यावर नाव (ऐच्छिक), वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, निवास शहरी की ग्रामीण, कुटुंब एकत्र की विभक्त, जन्मक्रम, मासिक उत्पन्न. शेवटी बारीक अक्षरात आश्वासन, की आपली माहिती पूर्णतः गोपनीय ठेवली जाईल. नाव ऐच्छिक ठेवलंय ते त्यासाठीच. आता वय, गाव, व्यवसाय, जन्मक्रम आणि घरात येणारा पगार एवढं लिहून दिल्यावर कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवरचा पानवाला ते नाव अर्ध्या मिनिटात काढून देईल, हा भाग वेगळा.

या पानाची गंमत अशी की भरणारा सगळ्यात कमी डोकं इथे चालवतो आणि पुढे संशोधक सगळ्यात मोठे निष्कर्ष इथूनच काढतो. ‘मला विनाकारण उदास वाटते’ या वाक्यापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकोन असतात. माणूस पेनचं टोपण चावत त्यांच्यासमोर बसून राहतो. काल वाटलं होतं, आज नाही वाटत. आणि विनाकारण कसं म्हणायचं, कारण तर शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसलंय. पण ‘निवास: शहरी / ग्रामीण’ यावर तो डोळे मिटून खूण करतो. त्यात काय विचार करायचा?

विचार करायला भरपूर आहे. जनगणनेला विचारा. नगरपालिका, महापालिका, कॅन्टोन्मेंट वगैरे असेल तर ते शहर, तिथे वाद नाही. नसेल तर लोकसंख्या किमान ५,००० हवी, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. पुरुषांपैकी. बायका दिवसभर रानात आहेत की ऑफिसात, याने गावाचं शहर होत नाही आणि शहराचं गाव होत नाही.

संशोधकाला एवढं खोलात जायला वेळ कुठला? तो कॉलेजच्या पत्त्यावर जातो. कॉलेज पुण्यात तर पोरगा शहरी. मग तो माण तालुक्यातल्या वाडीवरून जूनमध्येच आलेला का असेना, आणि आईने बांधून दिलेला भाकरीचा डबा त्याला अजून एसटीने येत का असेना. उलट तालुक्याच्या कॉलेजातली डॉक्टरांची मुलगी, जी शनिवार-रविवार पुण्याच्या क्लासला जाते आणि जिला म्हैस आणि रेडा यांतला फरक चित्रावरून सांगावा लागतो, ती ग्रामीण. वर्गात फॉर्म वाटले गेले तेव्हा ती तिथल्या बाकावर बसली होती, एवढा पुरावा पुरतो.

या दोघांच्या जिवावर आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत प्रबंधांचं एक अख्खं कपाट उभं आहे. ‘शहरी व ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’, अशा धर्तीचं शीर्षक. पुढच्या वर्षी समायोजनाच्या जागी भावनिक बुद्धिमत्ता येते, त्याच्या पुढच्या वर्षी ताण, मग आत्मविश्वास, हल्ली मोबाइलचं व्यसन. ‘शहरी व ग्रामीण’ मात्र हलत नाही. त्याच्या जोडीला ‘मुलगे व मुली’. नमुना १२०: शहरी मुलगे ३०, शहरी मुली ३०, ग्रामीण मुलगे ३०, ग्रामीण मुली ३०. तीसच का? गाईडनी त्यांच्या वेळी तीस घेतले होते, आणि त्यांच्या गाईडनीही. घराण्याची परंपरा आहे, मोडून कसं चालेल.

मग परिकल्पना, मग टी मूल्य, मग ०.०५ पातळीवर सार्थक फरक आहे किंवा नाही. इथवर सगळं ठीक. खरी कला पुढच्या प्रकरणात, ‘विवेचन’ नावाच्या. ग्रामीण मुलांत ताण कमी निघाला तर त्याचं कारण निसर्गाचा सहवास, एकत्र कुटुंबाचा आधार, साधी राहणी. ग्रामीण मुलांत ताण जास्त निघाला तर त्याचं कारण सोयीसुविधांचा अभाव, न्यूनगंड, पारंपरिक बंधनं. दोन्ही परिच्छेद आधीच टाइप करून ठेवता येतात. आकडा आला की एक ठेवायचा, एक पुसायचा. म्हणजे फॉर्म भरताना जो नुसता पत्ता होता, तो शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचेस्तोवर कारण झालेला असतो. पत्त्याने काय केलं म्हणून ताण आला, हे कुणी विचारत नाही. व्हायवाला आलेले बाहेरचे परीक्षकही नाही, कारण त्यांच्या विद्यार्थ्याचा व्हायवा पुढच्या महिन्यात आपल्या गाईडकडे असतो.

हे आपलं मागासलेपण आहे असं समजून कुणी ओशाळू नये. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. तिथे तर वेगळा पत्ता शोधायचीही तसदी घेत नसत. विद्यापीठातला प्राध्यापक जिन्याने खाली उतरे, मानसशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाई, आणि पोरापोरींना प्रयोगात बसल्याबद्दल अभ्यासक्रमाचे गुण देई. त्यांच्यावरून जे निघे ते ‘माणूस असा वागतो’ म्हणून छापलं जाई. क्विन मॅक्निमार यांनी १९४६ सालीच लिहून ठेवलं, की मानवी वर्तनाचं म्हणून जे शास्त्र आपल्यापाशी आहे ते बहुतांशी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांच्या वर्तनाचं शास्त्र आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुन्हा जिना उतरले.

त्यानंतर बासष्ट वर्षांनी, २००८ मध्ये, जेफ्री आर्नेट यांनी हिशेब मांडला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा नियतकालिकं घेतली, २००३ ते २००७ या काळातली. त्यांतल्या नमुन्यांपैकी ६८ टक्के अमेरिकेतले, आणि अमेरिका धरून एकूण पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले ९६ टक्के. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा ५ टक्क्यांहून कमी. दोन वर्षांनी जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी याच मंडळींबद्दल मोठा लेख लिहिला. पाश्चात्त्य, शिकलेले, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाहीतले असे हे लोक मानवजातीचा नमुना म्हणून घेतले जातात, पण कित्येक बाबतींत तेच बाकीच्या जगापासून सगळ्यात लांब पडतात, असं त्यांचं म्हणणं. सरासरी काढायला गेलो आणि वर्गातला सगळ्यात वेगळा मुलगाच मोजून आलो, असं काहीसं.

चौकटी विचारल्याच नाहीत तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांची नैतिक विकासाची पायऱ्यांची उपपत्ती बी.एड. केलेल्या प्रत्येकाने घोकलेली असते. तिचा पाया म्हणजे १९५८ सालचा त्यांचा प्रबंध, आणि त्या प्रबंधातली ७२ मुलं. शिकागो परिसरातली, आणि सगळे मुलगे. एकही मुलगी नाही. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहून याचा समाचार घेतला: मोजपट्टी मुलग्यांवरून आखायची आणि मग मुली त्या पट्टीवर खालच्या पायरीवर दिसतात म्हणून मान हलवायची, हा कुठला न्याय? तेव्हा लिंग, वय, गाव विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. जरूर विचारावं. विचारल्यावर लगेच सगळं कळलं असं मानू नये, एवढीच तक्रार.

शिकागोवरून आठवलं. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या हाइड पार्क भागातल्या आणि भुवनेश्वरमधल्या लोकांना काही प्रसंग सांगितले आणि विचारलं, यांत गैर काय आणि किती. १९८७ साली ते छापून आलं. भुवनेश्वरच्या ब्राह्मणांच्या लेखी अत्यंत गंभीर ठरलेल्या गोष्टींत एक होती: वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोकरांना कळेना की यात प्रसंग कुठे आहे. माणसाने केस कापले, मग जेवला. आपल्याकडे हे वाक्य वाचून दाखवलं तर प्रश्न पूर्ण होण्याआधीच आजूबाजूला ‘शिव शिव’ ऐकू येईल, आणि एखादा मागच्या रांगेतून विचारेल, रस्सा होता का सुकं?

चौकटीवरून कारणावर उडी मारण्याचा विक्रम मात्र प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांच्या नावावर आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे १७.५ लाख रंगरुटांची बुद्धिमत्ता मोजली. वाचता येणाऱ्यांना अल्फा कसोटी, न येणाऱ्यांना चित्रांची बीटा. अल्फामधला एक प्रश्न असा: क्रिस्को हे काय आहे? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्को म्हणजे साधारण तिकडचा डालडा. दुसरा प्रश्न, क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध? बेसबॉलसाठी. अक्षरशत्रूंसाठीच्या बीटामध्ये टेनिसकोर्टाचं चित्र होतं आणि त्यात काय राहिलंय ते काढून दाखवायचं होतं. राहिलं होतं जाळं. इटलीतल्या डोंगरातल्या खेड्यातून बोटीने आलेला, टेनिसच काय पण सपाट जमीनही फारशी न पाहिलेला गडी त्या चित्राकडे बघतोय, आणि पाठीमागे सार्जंट घड्याळ घेऊन उभा. या गड्याची बुद्धी मोजली जात होती.

ब्रिगहॅमनी १९२३ मध्ये या आकड्यांवर पुस्तक लिहिलं. लष्कराच्या कागदांवर चौकट होती जन्मदेशाची. त्यांना हवे होते वंश: नॉर्डिक, अल्पाइन आणि मेडिटरेनियन. अडचण मोठी नव्हती. कुठल्या देशात कुठलं रक्त किती टक्के, याचा त्यांनी अंदाजपंचे तक्ता तयार केला आणि गुण त्या प्रमाणात वाटून टाकले. नॉर्डिक वर आले. आता एक आकडा घशात अडकत होता. अमेरिकेत येऊन वीसहून जास्त वर्षं झालेल्या परदेशी लोकांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे होते, आणि मुक्काम जितका कमी तितके गुण कमी. तुम्हीआम्ही म्हणू की बाबा, राहून राहून माणसाला क्रिस्को कळायला लागतो. ब्रिगहॅमनी निष्कर्ष काढला की पूर्वी हुशार लोक येत होते आणि हल्ली मठ्ठ येतायत.

माणूस मात्र प्रामाणिक. १९३० साली त्यांनी स्वतःच जाहीर लिहून दिलं की या असल्या तुलना टिकणाऱ्या नाहीत आणि आपला तो अभ्यास निराधार होता. असं लिहून देणारे शास्त्रज्ञ मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. पण तोवर युरोपच्या दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणाऱ्यांना आवर घालणारा १९२४ चा कायदा होऊन सहा वर्षं लोटली होती. आणि मधल्या काळात, १९२६ मध्ये, याच ब्रिगहॅमच्या हातून एसएटी नावाची परीक्षा जन्माला आली. तिच्या क्लासची फी आज कोथरूडपासून न्यू जर्सीपर्यंतचे मराठी आईबाप भरतात.

न्यू जर्सीकरांचं तर वेगळंच. अमेरिकन मानसशास्त्रातल्या ‘वंश’ या चौकटीची नावं बव्हंशी तिथल्या सरकारी वर्गवारीतून उचललेली असतात, आणि त्या वर्गवारीने भारतीय माणसाला जेवढं फिरवलं तेवढं त्याला स्वतःच्या साडेसातीनेही फिरवलं नसेल. १९२० ते १९४० च्या तीन जनगणनांमध्ये वंशाच्या रकान्यात भारतीयांसाठी ‘हिंदू’ अशी नोंद होती. पंजाबातून गेलेले बहुसंख्य शीख होते. तेही वंशाने हिंदू. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. हे थिंड शीख, निकालपत्रात त्यांचा उल्लेख उच्चवर्णीय हिंदू म्हणून. आदल्याच वर्षी त्याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तुम्ही कॉकेशियन नाही, सबब या. थिंड म्हणाले, मग शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. न्यायालय म्हणालं, असाल. पण सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणणार नाही, सबब तुम्हीही या.

पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणती गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ अशी स्वतंत्र चौकट आली. म्हणजे १९६८ साली इंजिनियर होऊन गेलेला एखादा सदाशिव पेठी माणूस दोन वर्षांनी गोरा झाला आणि पुढच्या दहा वर्षांत आशियाई. या काळात त्याने केलं काय? तर एक घर घेतलं, आणि दर दोन वर्षांनी मेतकूट नेलं. त्याच्या मुलीने जर मानसशास्त्राच्या प्रयोगात भाग घेतला असेल, तर ती ‘आशियाई’ गटात मोजली गेली असणार, जपानी आणि कोरियन मुलांच्या शेजारी. ‘आशियाई लोक समूहाला महत्त्व देतात’ अशी बातमी आपल्याकडे छापून येते तेव्हा आपणही कौतुकाने वाचतो. त्यातले आशियाई बहुतेक वेळा टोकियोचे, बीजिंगचे नाहीतर सोलचे असतात. आणि ज्या इंग्लंडात ‘एशियन’ म्हटल्यावर गुजराती दुकानदार डोळ्यांसमोर येतो, तिथे हीच बातमी वाचणाऱ्याच्या मनात कोण येत असेल?

स्त्री-पुरुषांच्या चौकटीबद्दल फार बोलत नाही, घरात शांतता राहावी म्हणून. एवढंच सांगतो की सँड्रा बेम यांनी १९७४ मध्ये साठ विशेषणांची यादी केली: वीस समाजाला पुरुषी वाटणारी, वीस बायकी वाटणारी, वीस दोन्हींकडे चालणारी. त्यांना दाखवायचं होतं की एकाच माणसात दोन्ही असू शकतं, आणि हेतू चांगला होता. पण बायकी गुणांत ‘चटकन फसणारी’ आणि ‘स्तुतीने भुलणारी’ अशी विशेषणं आहेत. आमच्या घरातल्या बायकांकडे भाजीवाला, भंगारवाला आणि विमा एजंट या तिघांनीही हे तपासून पाहिलंय. त्यांचे निष्कर्ष कुणी छापले नाहीत.

आता या पहिल्या पानाचा सगळ्यात कलात्मक वापर. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सोन या तिघांनी एक प्रयोग छापला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले २० विद्यार्थी घेतले. काहींना बीटल्सचं ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ ऐकवलं, काहींना विंडोज ७ बरोबर फुकट येणारी ‘कलिंबा’ नावाची धून. मग जन्मतारीख विचारली आणि वडिलांचं वय विचारलं. वडिलांच्या वयाचा परिणाम गणितातून वजा केल्यावर असं निघालं की बीटल्स ऐकलेली मुलं जवळपास दीड वर्षाने लहान झाली. लहान वाटली असं नव्हे. झाली. सरासरी वय २०.१, आणि कलिंबावाल्यांचं २१.५. फरक ०.०५ पातळीवर सार्थक.

कुठलाही आकडा खोटा नव्हता. तिघांना दाखवायचंच हे होतं की नियमांत बसून काय काय करता येतं. त्यांनी पहिल्या पानावर पुष्कळ विचारून ठेवलं होतं: आईचं वय, राजकीय कल, ‘गेले ते दिवस’ असं तुम्ही कितपत म्हणता वगैरे. गाणंही तिसरं एक होतं. त्यातलं जे जुळलं ते छापलं, बाकीचं कपाटात. वडिलांचं वय जुळलं. त्यांनी हिशेब करून सांगितलं की अशा चार सवलती एकदम घेतल्या, त्यात ‘लिंगाचाही परिणाम तपासला’ ही एक, तर मुळात काहीही नसताना ‘सार्थक’ काहीतरी सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून जवळपास ६१ टक्क्यांवर जाते. म्हणजे पहिल्या पानावर जितके रकाने जास्त, तितकी रिकाम्या हाताने परत येण्याची भीती कमी.

माझी भाची एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय ‘नोकरदार स्त्रिया व गृहिणी यांच्या मानसिक ताणाचा तुलनात्मक अभ्यास’. नमुना ६०. नोकरदार तीस तिला पुण्यातच एका बँकेत आणि दोन शाळांत मिळाल्या. गृहिणी कमी पडल्या, म्हणून गणपतीत ती गठ्ठा घेऊन तिच्या आजोळी नव्हे, वडिलांच्या गावी गेली, सातारा जिल्ह्यात. पाहुणा म्हणून मीही होतो. शास्त्रात याला सोयीस्कर नमुना म्हणतात. तिच्याकडे काकू म्हणतात.

काकूंचा दिवस पहाटे दोन म्हशींच्या धारेने सुरू होतो. दूध डेअरीला घालायचं, डबे करायचे, रानात जायचं, दुपारी ब्लाउज शिवायचे, संध्याकाळी बारा बायकांच्या भिशीचा हिशेब. भाचीने विचारलं, “काकू, व्यवसाय काय लिहू?”

“काय न्हाई गं. घरीच असती मी.”

भाचीने ‘गृहिणी’वर खूण केली. मी काही बोलणार होतो, पण पाहुण्याने बोलू नये.

“जन्मक्रम? म्हणजे भावंडांत कितव्या?”

काकूंनी शिलाई थांबवली. “जगलेल्यांत का झालेल्यांत?”

फॉर्मवर एकच रेघ होती. भाचीने बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं आणि ‘३’ लिहिलं.

मग आली सामाजिक-आर्थिक स्तराची मोजणी. यासाठी आपल्या देशात कुप्पुस्वामी यांची १९७६ ची श्रेणी चालते, शहरी कुटुंबांसाठी केलेली. खेड्यांसाठी उदय पारीक आणि त्रिवेदी यांची १९६४ ची वेगळी आहे, तिच्यात जमीन, घर, बैल वगैरे येतं. पण गाईडनी कुप्पुस्वामी सांगितली होती, आणि गाईडपुढे बैल काय करणार. हिशेब सोपा. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण ७ पैकी, व्यवसाय १० पैकी, कुटुंबाचं उत्पन्न १२ पैकी. एकूण २९. सव्वीस आणि त्याच्या वर उच्च, १६ ते २५ उच्च मध्यम, ११ ते १५ निम्न मध्यम, आणि तिथून खाली.

“कुटुंबप्रमुख कोण?”

काकूंनी हनुवटीनेच पलंगाकडे दाखवलं. पलंगावर आजी होत्या. शिक्षण चौथी, २ गुण. व्यवसाय काही नाही, १ गुण. उत्पन्नाचे १०. एकूण १३. निम्न मध्यम.

दारात उभ्या असलेल्या काकांचा चेहरा पडला. काका जिल्हा परिषदेत सीनियर क्लार्क, बी.ए. “अगं, प्रमुख मला धर ना. पगार कोण आणतं?” भाचीने खाडाखोड केली. पदवी ६, कारकुनी ५, उत्पन्न १०. एकूण २१. उच्च मध्यम. घरातलं कुणी जागचं हललं नव्हतं, पंखासुद्धा तोच होता, आणि अख्खं घर एक वर्ग वर गेलं. काका समाधानाने आत वळले.

“ह्यो परमुख कवापासनं झाला?” पलंगावरून आवाज आला. “सातबारा कुणाच्या नावावर हाय?”

सातबारा आजींच्या नावावर होता. भाचीने श्रेणी पुन्हा उघडली. कारकून, दुकानदार आणि शेतकरी कुप्पुस्वामींनी एकाच ओळीत बसवलेत, तिघांनाही ५. म्हणजे आजींचं झालं २ अधिक ५ अधिक १०, सतरा. उच्च मध्यम. प्रमुखपदही राहिलं आणि वर्गही राहिला. सीनियर क्लार्कची खातेपरीक्षा आणि आईचं रान यांची किंमत सारखीच निघाली, हे काकांना कुणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आकडे कॉम्प्युटरवर चढले. नोकरदार आणि गृहिणी यांच्या ताणात सार्थक फरक नाही. भाची नाराज. गाईड म्हणाले, फरक नाही हाही निष्कर्षच असतो, पण व्हायवाला जरा मोकळं मोकळं वाटतं. पहिल्या पानावर अजून काय आहे बघ, एकत्र-विभक्त करून पाहा. तिने पाहिलं. साठातली एकेचाळीस कुटुंबं एकत्र आणि एकोणीस विभक्त. तीस-तीस असते तर बरं दिसलं असतं.

मग तिने संशयित घरांची यादी काढली. काकूंचं घर पहिलं. तिथे धाकटे काका वरच्या मजल्यावर राहतात. गॅस दोन, वीजमीटर दोन, रेशनकार्डं दोन. पण गणपती खालीच बसतो आणि लोणचं एकाच बरणीतलं. वाटणीवरून दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत, पण तालुक्याला जायचं तर एकाच मोटरसायकलवर, न बोलता.

भाचीने फोन स्पीकरवर टाकला. “काकू, मागे मी तुमचं कुटुंब एकत्र लिहिलं होतं. पण वरची चूल वेगळी आहे ना? मग एकत्र म्हणायचं का विभक्त?”

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

“तुला कुठं कमी पडाय लागल्यात?” काकूंनी विचारलं.